नारायणराव पेशव्यांचा वध आणि ‘ध’चा ‘मा’

(१)

मुंबई बंदराच्या दक्षिणेस एका बाजूला कारंजा व दुसऱ्या बाजूला रेवस यांच्या दरम्यान समुद्राचे पाणी आत शिरते, ती धरमतरची खाडी. नागोठण्याकडून वाहत येणारी अंबा नदी हिच्यातच मिळते. ‘धरमतर’ या नावाची ‘धर्म’ आणि ‘तर’ अशी फोड सहज सुचते. ‘तर’ म्हणजे पाणी उतरून जाण्याची नाव. खाडीच्या पश्चिमेस आंग्र्यांचा कुलाबा प्रांत, पूर्वेस पेणचा मुलूख आणि समोर मुंबई, अशी ही जागा आहे. अठराव्या शतकात तीन सत्तांची नजर या पाण्यावर असे. त्यामुळे पुण्यात जे काही घडे त्याची भरती-ओहोटी येथे लवकर जाणवत असे.

सन १७७३ मध्ये या खाडीच्या मुखावरील कारंजा बेट मराठ्यांच्या ताब्यात होते. सन १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेण्याची मोहीम काढली आणि तिच्या ओघातच कारंजाही घेतले. पुढे आठ वर्षे युद्ध व तह यांची उलथापालथ झाली. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली. साष्टी, घारापुरी व कारंजा मात्र इंग्रजांकडे कायमची राहिली. याच अवधीत, सन १७७६ मध्ये, पानिपतावर नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच आहोत असे सांगणारा तोतया कोकणात फौज जमवून बसला. तो शेवटी रघूजी आंग्रे यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यास देहदंड पावला. सन १७८१ मध्ये मराठी राज्याचा एक वृद्ध कारभारी, सखारामबापू बोकील, रायगडावर कैदेत मरण पावला.

कोकणच्या किनाऱ्यावरील या घटना वरवर पाहता सुट्या दिसतात. परंतु त्या साऱ्यांचा माग घेत गेल्यास तो एकाच ठिकाणी पोचतो. ते ठिकाण म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा, आणि तो दिवस म्हणजे ३० ऑगस्ट १७७३. त्या दिवशी नारायणराव पेशव्यांचा त्यांच्याच वाड्यात, त्यांच्याच चुलत्यासमोर वध झाला. राज्याला धनी उरला नाही, घर फुटले आणि फुटलेल्या घरातील एक पक्ष मुंबईकरांच्या दाराशी गेला. कारंजा हातचे गेले, ते त्यामुळे.

एवढ्या मोठ्या उत्पाताचे कारण महाराष्ट्राच्या लोकस्मृतीने फार लहान करून ठेवले आहे. ‘धरावे’ असा हुकूम होता. कोणी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले, असे ती सांगते. ही कथा आज मराठीत वाक्प्रचार होऊन बसली आहे. मजकुरात किंचित फेर करून सगळा अर्थ उलटविणे, याला ‘ध’चा ‘मा’ करणे म्हणतात. प्रस्तुत लेखात या अक्षराचीच तपासणी करावयाची आहे. अक्षर बदलले की नाही, हा तिच्यातील पहिला प्रश्न होय. परंतु तो मुख्य नव्हे. त्या हुकुमाच्या भाषेने काय लपविले, हा मुख्य प्रश्न आहे.

(२)

प्रथम या खुनातील माणसे पाहिली पाहिजेत. त्यांत परका असा जवळजवळ कोणीही नव्हता. रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब हे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांचे धाकटे बंधू. उत्तरेत अटकेपर्यंत गेलेल्या मोहिमेचे नायकत्व त्यांच्याकडे होते. सखारामबापू हे त्यांच्याच सहवासात वाढलेले मुत्सद्दी. सन १७६१ मध्ये पानिपतचा संहार झाला, नानासाहेब वारले, आणि पोरसवदा माधवराव गादीवर आले. तेव्हापासून चुलता व पुतण्या यांच्यातील वाद आणि त्या वादाच्या दोन्ही अंगांस पाय ठेवून उभे असलेले कारभारी, हे पुण्याच्या दरबाराचे नित्याचे चित्र होते. माधवरावांनी रघुनाथरावांचा पराभव करून त्यांस वाड्यात नजरकैदेत ठेविले. पुढे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने वारले. मरणापूर्वी त्यांनी चुलत्याशी समेट केला होता आणि धाकट्या भावाचा हात त्यांच्या हाती दिला होता.

नारायणरावांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. समेट फार दिवस टिकला नाही. सन १७७३ च्या एप्रिलमध्ये रघुनाथरावांस पुन्हा वाड्यातच अटकेत ठेवण्यात आले. तरुण धनी उतावळा. जुने कारभारी त्याच्या बोलण्याने दुखावलेले. प्रभूंच्या धर्मविषयक अधिकारांच्या वादाने त्या जातीचे लेखक व सरदार असंतुष्ट. आणि पहाऱ्यावरील गारद्यांचा पगार थकलेला. या सगळ्या नाराज लोकांना एकमेकांची मने ठाऊक होती. कारण ते वर्षानुवर्षे एकाच वाड्यात वावरत होते, एकाच पंक्तीस जेवत होते आणि एकाच दप्तरात लिहीत होते. कट रचण्यास परिचय लागतो. येथे तो जुना आणि दृढ होता.

वधाचा दिवस भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा, म्हणजे गणेशोत्सवातील होता. सकाळपासूनच गारद्यांची चलबिचल दिसत होती. वाड्यात काही दंगा होणार अशी कुणकुण खुद्द पेशव्यांस लागली आणि त्यांनी हरिपंत फडक्यांस बंदोबस्त करण्यास सांगितले. हरिपंत भोजनास बाहेर गेले. परतल्यावर पाहू, असे ठरले. दोन प्रहरी सुमेरसिंग, महंमद इसफ व खरकसिंग यांच्या पुढारीपणाखाली गारदी आत घुसले. नारायणराव धावत चुलत्याच्या दालनात गेले आणि त्यांच्या गळ्यास मिठी मारून प्राण वाचविण्याची याचना करू लागले. ‘काका, मला वाचवा’ हे उद्गार परंपरेने त्यांच्या तोंडी घातले आहेत. रघुनाथरावांनी मध्ये पडून पाहिले, असे ग्रँट डफने लिहिले आहे. परंतु आता माघार घेतली तर आपलाच नाश होईल, सोडा नाहीतर तुम्हीही मराल, असे सुमेरसिंगाने त्यांस बजावले. रघुनाथरावांचा खिदमतगार तुळाजी पवार याने पेशव्यांस ओढले, आणि तलवारी चालल्या. धन्यावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर हा सेवक त्याच ठिकाणी मारला गेला. इच्छारामपंत ढेरे यांसह आणखी काही माणसे आणि एक गायही त्या गर्दीत कापली गेली.

इतके सारे वाड्यात घडत असता शहर जवळ होते, सरदार जवळ होते, कारभारीही जवळ होते. पण वेळेवर कोणीही आत पोचला नाही. या न पोचण्याचा अर्थ काय, हा प्रश्न त्या दिवसापासूनच लोकांच्या मनात होता.

(३)

आता त्या कागदाकडे वळावे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी चालविली तेव्हा रघुनाथरावांनी धरण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले, मारण्याचा नव्हे. रामशास्त्र्यांनी मूळ कागद मिळविला, त्यात ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ केलेला आढळला, आणि हा बदल आनंदीबाईंनी केला अशी सर्वत्र समजूत आहे. ही हकीकत ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात आली, आणि तो ग्रंथ सन १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे घटना आणि हा मुद्रित वृत्तांत यांच्यामध्ये ५३ वर्षांचे अंतर आहे. डफने जुन्या लोकांस विचारून व कागद पाहून लिहिले, त्यामुळे त्याची साक्ष टाकाऊ ठरत नाही. तरीही त्याच्या लेखनात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कागदात फेर आढळला, ही एक; तो आनंदीबाईंनी केला अशी समजूत आहे, ही दुसरी. पहिली चौकशीची हकीकत आहे, दुसरी लोकवार्ता. वाक्प्रचाराने या दोहोंचा सांधा असा बेमालूम जोडला की पुढील पिढ्यांस तो दिसेनासा झाला. मूळ कागद आज अभ्यासकांपुढे नाही.

कागद नसला तरी लिपी ठाऊक आहे. पेशवे दप्तराचे लेखन मोडीत होई. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर आडवी शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिच्याखाली बोरूने अक्षरे चालवितो. शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचा प्रघात नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लेखणी शक्य तितकी न उचलता ओळ पुढे न्यावयाची असते. अशा लेखनात ‘धरावे’चे ‘मारावे’ करावयाचे म्हटल्यास, बोलण्यात वाटते तसे केवळ एक अक्षर बदलून भागत नाही. ‘ध’चा ‘म’ केला तर शब्द ‘मरावे’ होतो. ‘मारावे’ होण्यास ‘म’ला काना हवा, आणि तो ‘म’ व ‘र’ यांच्या मध्ये बसला पाहिजे. ओघात लिहिलेल्या ओळीत तेवढी जागा सहसा नसते. फेर करणाराच्या हातून शाईचा दाटपणा किंवा अक्षरांची दाटी राहून जाण्याचा संभव मोठा.

यावरून फेर झालाच नाही असे सिद्ध होत नाही. किंबहुना फेर झाला असल्यास रामशास्त्र्यांसारख्या मनुष्यास तो चटकन का दिसला असेल, याचाच उलगडा यातून होतो. परंतु एक गोष्ट अवश्य सिद्ध होते. वाक्प्रचारात ‘ध’ आणि ‘मा’ ही जोडी आहे; ‘ध’ आणि ‘म’ ही नव्हे. म्हणजे लोकांनी ही कथा डोळ्यांनी जपली नाही, कानांनी जपली. कानाला ‘ध’ हे एक अक्षर आणि ‘मा’ हेही एकच अक्षर. उच्चारात बदल एकाच जागी होतो आणि उरलेला ‘रावे’ तसाच राहतो. कथेची घडण यमकाच्या अंगाने झाली आहे, लिपीच्या अंगाने नव्हे.

शब्दार्थाच्या बाजूनेही अशीच अडचण उभी राहते. मराठीत ‘मारणे’ या धातूचे अर्थ दोन: ताडन करणे आणि प्राण घेणे. ज्या ठिकाणी दुसरा अर्थ निःसंशय सांगावयाचा असतो त्या ठिकाणी भाषा ‘जिवे मारणे’, ‘ठार मारणे’, ‘गर्दन मारणे’ अशी जोड देते. प्रसंगावरून ‘मारावे’चा अर्थ कळतो हे खरे, पण मग अर्थ ठरविणारा प्रसंगच झाला, अक्षर नव्हे.

(४)

हुकुमाच्या व्याकरणात याहून महत्त्वाची गोष्ट आहे. ‘नारायणरावांस धरावे’ हे वाक्य घ्यावे. ‘धरावे’ हे विध्यर्थी रूप. कर्माला ‘स’ हा प्रत्यय लागल्यामुळे क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनी राहते. व्याकरणकार यास भावे प्रयोग म्हणतात. यात कर्ता असलाच तर तो तृतीयेत येतो: ‘अमक्याने नारायणरावांस धरावे’. परंतु तो असावाच लागतो असे नाही. ‘अमक्याने’ हे पद गाळले तरी वाक्य पुरे होते, कानाला उणे वाटत नाही. ‘धरा’ असे आज्ञार्थी म्हटले तर समोर कोणी तरी उभा आहे, त्यास कोणी तरी सांगतो आहे, हे उघड होते. ‘धरावे’ म्हटले की सांगणाराही दिसत नाही आणि करणाराही दिसत नाही. उरते ते केवळ कर्म आणि क्रिया.

राज्यकारभाराच्या मराठीत अशा रूपांचे प्रस्थ होते. ‘पाठवावे’, ‘करावे’, ‘कळवावे’ ही विध्यर्थी रूपे, तशीच ‘ताकीद करणे’, ‘रवाना करणे’ ही ‘णे’कारान्त रूपे पत्रोपत्री आढळतात. त्यांची सोय मोठी होती. आज्ञार्थ वापरावयाचा तर समोरच्या मनुष्याचा दर्जा पाहून ‘कर’ म्हणावयाचे की ‘करा’ म्हणावयाचे, हे ठरवावे लागते. ‘करावे’ हे कोणासही लिहिता येते. त्यात आर्जव आहे आणि अधिकारही आहे. शेकडो गावांस, ठाण्यांस व सरदारांस रोज पत्रे लिहिणाऱ्या दप्तरास असे रूप हवेच होते. सारा वसूल करावा, वाट दुरुस्त करावी, गल्ला पोचवावा, अशा कामांत कर्ता वगळल्याने काही बिघडत नाही. तो पत्राच्या शिरनाम्यावरून कळतो.

परंतु राज्याच्या धन्याला पकडण्याचा हुकूम या रूपात लिहिला गेला म्हणजे त्याच सोयीचे आच्छादन होते. आज्ञा करणारे दादासाहेब स्वतःच नजरकैदेत होते. पेशव्यांस धरण्याचा अधिकार त्यांस कोठून आला, हा प्रश्न ‘धरावे’ विचारू देत नाही. धरणारा कोण, त्याने धरून कोणाच्या स्वाधीन करावयाचे, आणि धरल्यानंतर पुढे काय, हेही प्रश्न तो विचारू देत नाही. ज्याने हुकूम दिला त्याला वाटावे की केवळ क्रियेला संमती दिली. ज्याने तो लिहिला त्याला वाटावे की केवळ अक्षरे काढली. ज्याने पोचविला त्याला वाटावे की केवळ कागद नेला. आणि ज्याच्या हाती तलवार होती त्याला वाटावे की आपण केवळ ताबेदार. कृत्य पुरे होते, परंतु वाक्यात कर्ता सापडत नाही.

आता ‘ध’ आणि ‘मा’ यांतील अंतर पुन्हा मोजून पाहावे. पेशव्यांस गारद्यांनी धरले असते तर पुढे काय झाले असते? अठरा वर्षांचा, राज्याची वस्त्रे धारण केलेला धनी आयुष्यभर कोंडून ठेवणे कठीण होते. तो सुटला असता तर धरणाऱ्याचे डोके राहिले नसते. माधवरावांनी कोंडलेला चुलता पुन्हा मोकळा झाला आणि पुन्हा कटाच्या मध्यभागी आला, हे तर सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. सुमेरसिंगाच्या तोंडी जे उत्तर घातले आहे त्याचा अर्थ हाच की येथवर आल्यावर जिवंत सोडणे म्हणजे आपला जीव देणे. सशस्त्र आणि पगारासाठी खवळलेल्या शिपायांस राजाच्या अंगावर सोडून ‘फक्त धरा’ म्हणणे, यात मारण्याची शक्यता आधीच गृहीत होती. ‘धरावे’च्या पोटातच ‘मारावे’ दडलेले होते. अक्षर बदलले असेल तर त्याने लपलेला अर्थ उघड केला. नवा निर्माण केला नाही.

याच्या उलट ‘काका, मला वाचवा’ हे वाक्य आहे. त्यात संबोधन आहे, आज्ञार्थ आहे, बोलणारा आहे, ऐकणारा आहे. हे उद्गार शब्दशः खरे असोत वा नसोत, लोकस्मृतीने दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली आहेत: एकात कोणाचेच नाव नाही, दुसऱ्यात नात्याने हाक मारली आहे. ज्याने पहिल्या वाक्याच्या आड आश्रय घेतला त्यालाच दुसऱ्या वाक्याने हाक मारून उघड्यावर आणले. या प्रसंगाची पकड दोन शतकांहून अधिक काळ ढिली झाली नाही, याचे एक कारण बहुधा हेच असावे.

(५)

रामशास्त्र्यांचे मोठेपण या संदर्भात अधिक स्पष्ट होते. त्यांनी चौकशी केली म्हणजे व्याकरणाच्या भाषेत गाळलेला कर्ता शोधून वाक्यात परत घातला. रघुनाथराव हे त्या वेळी सत्ताधीश झाले होते आणि रामशास्त्री त्यांचे सेवक होते. तरीही या पापास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि पुणे सोडून ते वाईच्या बाजूस जाऊन राहिले, असे डफ लिहितो. धरण्याचाच हुकूम होता हा बचाव त्यांनी ऐकून घेतला होता. तो पुरेसा मानला नाही. अक्षरात फेर झाला हे ज्याने दाखविले, त्यानेच त्या फेराचा आधार घेऊन मुख्य आरोपीस मोकळे सोडले नाही, ही गोष्ट वाक्प्रचार वापरताना विसरली जाते.

पुढील तपासाने कर्त्यांची संख्या आणखी वाढविली. या खुनात अंग असलेल्या ४९ असामींची गणना गो. स. सरदेसाई यांनी दिली आहे. त्यांत गारदी पुढारी केवळ १३. आठ हिंदुस्थानी हिंदू आणि पाच मुसलमान. उरलेले ३६ जण महाराष्ट्रातीलच निरनिराळ्या जातींचे होते. ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठे होते, एक दासीही होती. हे आकडे बोलके आहेत. परदेशी, भाडोत्री गारद्यांनी अकस्मात केलेले कृत्य असे म्हणून मोकळे होता येत नाही. घर आतून फितूर झाल्याशिवाय इतकी माणसे एका कामात गोवली जात नाहीत.

महंमद इसफ पकडला जाऊन देहदंड पावला. खरकसिंग व तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयास गेले होते. तेथून ते परत मिळविले गेले आणि त्यांसही तीच शिक्षा झाली. तलवार धरणारे हात सापडले. परंतु ज्यांनी त्या दिवशी काही केले नाही, ज्यांस सर्व ठाऊक असूनही जे गप्प राहिले, त्यांचे काय? सखारामबापूंचे नाव या ठिकाणी पुन्हा येते. पुढे नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंस पुरंदरावर नेऊन ज्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारले त्यांत बापू अग्रभागी होते. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाल्यावर त्यांच्या नावाने चाललेल्या कारभारातही ते होते. तरीही जुन्या धन्याशी असलेले त्यांचे धागे तुटले नव्हते. रघुनाथरावांस घेऊन इंग्रज पुण्यावर चालून आले आणि सन १७७९ च्या जानेवारीत वडगावास त्यांना हार खावी लागली. त्यानंतर बापूंचा मुंबईकरांशी असलेला व्यवहार त्यांच्याच सहीने उघडकीस आला, आणि नाना फडणीस यांनी त्यांस कैद केले. ज्या मनुष्याने सारे आयुष्य लेखणीवर राज्य चालविले त्याला शेवटी कागदानेच धरले. सिंहगड, प्रतापगड असे किल्ले फिरत ते रायगडावर आले आणि तेथेच संपले.

आनंदीबाईंच्या बाबतीत मात्र असा कागद कोणी पुढे आणला नाही. त्या हुशार होत्या, पतीच्या राजकारणात लक्ष घालीत, स्वतः पत्रव्यवहार करीत. त्यामुळे लेखणीचा आरोप त्यांच्यावर बसणे लोकांस सहज वाटले. रघुनाथराव ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे वारले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, सन १७९४ मध्ये, आनंदीबाईंचे निधन झाले. नाटकांनी व पुढे चित्रपटांनी हा कथाभाग उचलला. प्रभातचा ‘रामशास्त्री’ सन १९४४ चा. प्रत्येक आवृत्तीत एक स्त्री, एक लेखणी आणि एक अक्षर एवढेच अधिकाधिक ठळक होत गेले आणि ४९ माणसे अंधुक होत गेली.

असे का व्हावे? एका पिढीतील प्रतिष्ठित घराण्यांच्या पूर्वजांपैकी कोण जाणून होता आणि कोण स्वस्थ बसला, हा प्रश्न पुढच्या पिढीस अवघड वाटतो. त्यापेक्षा एका अक्षराला दोष देणे सोपे. अक्षराला वंशज नसतात. आनंदीबाईंचे पुत्र दुसरे बाजीराव पुढे पेशवे झाले आणि त्यांच्याच हातून सन १८१८ मध्ये राज्य गेले. त्यामुळे त्या मातेची बाजू घेण्याचे कोणास अगत्यही राहिले नाही. निर्दोषत्वाचा निवाडा यातून निघत नाही. संशय आणि पुरावा यांत भेद आहे, एवढेच यातून निघते. हा भेद रामशास्त्र्यांस ठाऊक होता. वाक्प्रचारास तो ठाऊक नाही.

(६)

वाक्प्रचार हे इतिहासाचे साधन आहे काय, असा प्रश्न यावर कोणी विचारील. ते साधन आहे, परंतु घटनेचे नव्हे. घटनेविषयी समाजाने काय लक्षात ठेवायचे ठरविले, याचे आहे. ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार ३० ऑगस्ट १७७३ रोजी काय घडले ते फारसे सांगत नाही. त्या दिवसाचे ओझे पेलण्यासाठी मराठी समाजाने ते किती लहान करून घेतले, हे तो नेमके सांगतो. खून, फितुरी, मौन, थकलेला पगार, दुखावलेले अभिमान आणि घरातील जुने वैर, हे सर्व एका बोरूच्या टोकावर आणून ठेवले आहे.

भाषेच्या अभ्यासकाने तेथूनच उलट वाटेने चालावे. वाक्प्रचारातून वाक्याकडे, वाक्यातून त्याच्या रचनेकडे, आणि रचनेतून गाळलेल्या पदाकडे गेले म्हणजे असे दिसते की या प्रकरणात जे पुरून ठेवले होते ते अक्षर नव्हते. जे पुरले होते ते ‘कोणी’ या प्रश्नाचे उत्तर होते. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ या दोन्ही शब्दांत ते सारखेच गैरहजर आहे. ‘ध’ असो वा ‘मा’, त्या हुकुमाला कर्ता नव्हता. आणि जे राज्य आपल्या धन्याच्या खुनाचा कर्ता वेळेवर सांगू शकले नाही, त्या राज्याचा धनी कोण, हे ठरविण्याची संधी मुंबईकरांस मिळाली. ७ मार्च १७७५ च्या सुमारास सुरतेस जो तह झाला त्यात रघुनाथरावांनी इंग्रजांच्या मदतीच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. त्या तहाच्या आधीच इंग्रजांनी आपला वाटा उचलला होता.

धरमतरच्या खाडीतून मुंबईकडे निघालेल्या नावेस मुखाशी पोचल्यावर उजव्या हातास कारंजाचा डोंगर दिसतो. सालबाईच्या तहापासून त्या किनाऱ्यावर इंग्रजांचे निशाण लागले ते पुन्हा मराठ्यांच्या राज्यात उतरले नाही. सन १८४० मध्ये खाडीच्या पश्चिमेचे आंग्र्यांचे संस्थानही त्यांनी खालसा केले. पेण, अलिबाग व रायगड ज्या जिल्ह्यात येतात त्याचे कुलाबा हे नाव सन १९८१ मध्ये बदलून रायगड झाले. पुण्याच्या वाड्यातील एका दुपारच्या खुणा अशा रीतीने किनाऱ्यावर उमटल्या. त्या वाचताना एका अक्षराची गोष्ट पुरत नाही. ज्यांची नावे त्या वाक्यात लिहिली गेली नाहीत त्यांची गोष्ट वाचावी लागते.